वाचकांचे प्रश्न : चिनी दूरशिक्षण आणि रोजच्या इंग्रजीची परीक्षा

प्रश्न : चीनमध्ये इंटरनेटद्वारे पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची एक देशव्यापी परीक्षा होती आणि तिचा पहिलाच विभाग रोजच्या संभाषणाचा असे, असे माझ्या वाचनात आले. त्या विभागात विद्यार्थ्याला एक शब्दही बोलावा लागत नसे म्हणतात. मग संभाषणाची परीक्षा होत तरी कशी होती आणि तिच्या गुणांवर कितपत विसंबावे?
— इंग्रजीच्या एक शिक्षिका

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने १९९९ मध्ये काही निवडक विद्यापीठांना इंटरनेटद्वारे पदवी शिक्षण देण्याची प्रायोगिक परवानगी दिली. १९७९ मध्ये सुरू झालेले आणि २०१२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे केंद्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी विद्यापीठ धरून अशा संस्थांची संख्या पुढे ६८ झाली. इतक्या संस्था आपापल्या परीने पदव्या देऊ लागल्यावर त्यांचा दर्जा सारखा राखण्याचा प्रश्न आलाच. म्हणून १ मार्च २००४ नंतर पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांना काही पायाभूत विषयांची सामाईक परीक्षा लागू झाली आणि ती उत्तीर्ण झाल्याखेरीज पदवी प्रमाणपत्राची अधिकृत नोंदणी होत नसे. इंग्रजी हा मुख्य विषय नसलेले विद्यार्थी सहसा ‘महाविद्यालयीन इंग्रजी ब’ ही ९० मिनिटांची, १०० गुणांची प्रश्नपत्रिका सोडवत. तिच्यात आरंभीच संभाषणाचे पाच प्रश्न असत आणि प्रत्येकाला तीन गुण असत. एका व्यक्तीचे वाक्य छापलेले असे आणि दुसरीचे उत्तर दिलेल्या पर्यायांतून निवडायचे असे.

अशा पंधरा गुणांचा अर्थ काय लावायचा, हे प्रश्न कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून असते. तीन नमुने मी स्वतः रचून देतो. पहिल्यात सहकारी विचारतो, ‘वुड यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ खिडकी उघडायला आपली हरकत नाही, हे सांगण्यासाठी ‘नॉट अॅट ऑल’ म्हणावे लागते. चिनी विद्यार्थी मात्र परवानगी देण्याच्या भरात ‘येस’ने सुरू होणारा पर्याय निवडतो आणि व्याकरणाच्या हिशेबाने आपली हरकत नोंदवून बसतो. दुसऱ्या नमुन्यात ‘यू डोन्ट वर्क ऑन संडेज, डू यू?’ असे विचारले जाते. रविवारी काम न करणारा चिनी माणूस आपल्या भाषेच्या सवयीने समोरच्याच्या विधानाला दुजोरा देतो, म्हणजे ‘हो, करत नाही’ असे म्हणतो. इंग्रजीत नुसते ‘येस’ म्हटले तर ऐकणारा त्याला रविवारच्या कामावर बोलावून मोकळा होतो. या दोन्ही ठिकाणी चुकीच्या उत्तराने व्यवहारात खरा गैरसमज होऊ शकतो, त्यामुळे असे प्रश्न लेखी असले तरी निरर्थक नाहीत.

तिसऱ्या नमुन्यात कोणीतरी म्हणते, ‘युअर इंग्लिश इज व्हेरी गुड.’ येथे अपेक्षित उत्तर ‘थँक यू’ असते आणि ‘छे, माझे इंग्रजी फार कच्चे आहे’ अशा अर्थाचा पर्याय चूक ठरतो. प्रशंसा नम्रपणे नाकारणे ही चिनी शिष्टाचारातील जुनी रीत आहे. ती रीत कोणी इंग्रजीतही पाळली, तर ऐकणाऱ्याला त्याचे म्हणणे नीट कळते, फार तर तो जरा अवघडतो. येथे गुण कापले जातात ते संस्कारांचे, भाषेचे नव्हे, आणि अशा प्रश्नांना खिडकीच्या प्रश्नाइतकेच गुण देणे मला पटत नाही.

आता विश्वासार्हतेकडे वळू. योग्य उत्तर ओळखणे आणि ते आयत्या वेळी सुचणे ही वेगवेगळी कौशल्ये आहेत. कागदावरील संवाद तीनदा वाचता येतो, पण समोरचा माणूस क्षणभरापलीकडे थांबत नाही. शिवाय त्याचे उच्चार, त्याची घाई, भोवतालचा गोंगाट यांपैकी काहीच छापील प्रश्नात उतरत नाही. त्यात पर्यायांच्या परीक्षेचे जे व्हायचे तेच येथेही झाले. आभाराला अमुक, क्षमायाचनेला तमुक, अशा जोड्या परीक्षार्थी पाठ करू लागले. ‘तीन आखूड, एक लांब असेल तर लांब निवडा, तीन लांब, एक आखूड असेल तर आखूड निवडा’ अशा आशयाचे एक वचन चिनी परीक्षार्थ्यांच्या तोंडी असते. प्रश्नकर्त्याने पर्यायांची लांबी सारखी ठेवली नाही, तर हे वचन कामी येते आणि प्रश्न वाचायचीही गरज उरत नाही. तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल एवढेच म्हणता येईल, की रूढ संवादातील रूढ उत्तर त्याला वाचून ओळखता येते.

तरीही ही पद्धत निव्वळ आळसातून आली, असे मी म्हणणार नाही. चीनमध्ये सर्वांसाठी खुली असलेली, पातळ्यांनुसार होणारी ‘सार्वजनिक इंग्रजी परीक्षा’ आहे; तिच्या तोंडी भागात दोन उमेदवारांसमोर दोन परीक्षक बसतात, एक बोलतो आणि दुसरा गुण देतो. देशभर विखुरलेल्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी तेवढे परीक्षक उभे करायचे आणि त्या सर्वांच्या गुणदानात सारखेपणा राखायचा, हे काम सोपे नव्हते. संगणकाने तपासता येणारा प्रश्न निदान सर्वांना एकाच मापाने मोजतो. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाही. जे मोजले त्याला संभाषणक्षमता म्हटले गेले, याबद्दल आहे.

प्रश्न : मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना या परीक्षेतून काही सूट होती का? आणि ही परीक्षा आजही होते का?
— एक वाचक

उत्तर : प्रवेशाच्या वेळी वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्या आणि इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून सूट मिळे. सार्वजनिक इंग्रजी परीक्षेची तिसरी किंवा त्यावरची पातळी उत्तीर्ण झालेल्यांनाही सामाईक परीक्षेतील इंग्रजी द्यावे लागत नसे. देशव्यापी सामाईक परीक्षा घेणे मंत्रालयाने २०१९ च्या अखेरीस थांबवण्याचे ठरवले आणि ही जबाबदारी विद्यापीठांकडे सोपवली.

प्रश्न : मी काही चिनी प्रौढ विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. हे सर्व दूरशिक्षणाने पदवी घेत आहेत. त्यांच्या रोजच्या इंग्रजीची प्रामाणिक चाचणी मला एकटीला कशी घेता येईल?
— एक वाचक

उत्तर : एका बाबतीत आपली स्थिती मंत्रालयापेक्षा बरी आहे : आपले विद्यार्थी मोजके आहेत. आधी त्यांना इंग्रजी नेमके कोठे लागते ते विचारून घ्या. निर्यात करणाऱ्या कारखान्यातील कारकुनाला परदेशी ग्राहकाला माल उशिरा येईल हे सांगायचे असते, तर हॉटेलच्या स्वागतकक्षातील तरुणीला खोली रिकामी नाही हे न दुखावता सांगायचे असते. प्रश्न त्यांच्या कामातून यावेत.

साधन त्यांच्या हाती आहेच. वीचॅट या चिनी संदेश-अॅपवर ध्वनिसंदेश पाठवणे हा चिनी माणसाचा रोजचा परिपाठ आहे आणि तेथील एका संदेशाची मर्यादा ६० सेकंदांची आहे. आपण प्रश्न आवाजात पाठवा आणि ठरावीक वेळेत आवाजातच उत्तर मागा. त्या उत्तरावरून लगेच एक अनपेक्षित उपप्रश्न विचारा, कारण पाठ केलेला माणूस तेथेच अडखळतो. ठरावीक वेळेत मागितलेल्या उत्तरामुळे घरी बसून लिहून वाचण्याची शक्यताही बरीच कमी होते, पूर्णपणे संपत मात्र नाही. त्यासाठी अधूनमधून प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर दोघांना एकमेकांशी बोलायला लावणे चांगले.

गुण देताना पहिला विचार काम झाले की नाही याचा करा : ग्राहकाला नवी तारीख कळली का? त्यानंतर सूर आणि शिष्टाचार पाहावेत, व्याकरण सर्वांत शेवटी. चीनने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या इंग्रजी भाषाक्षमतेच्या मानकांत नऊ पातळ्या आहेत आणि प्रसंगानुरूप भाषा वापरण्याच्या क्षमतेचे स्वतंत्र वर्णन आहे, त्याचा आधार घेता येईल. काही ध्वनिमुद्रणे दुसऱ्या शिक्षकाकडूनही तपासून घ्या. दोघांच्या गुणांत मोठी तफावत आली, तर निकषांची शब्दरचना सुधारायला हवी. आणखी एक गोष्ट : विद्यार्थ्याने मध्येच थांबून ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ असे इंग्रजीत विचारले, तर गुण कापू नका. न समजता ‘येस, येस’ म्हणणाऱ्यापेक्षा त्याला जास्त गुण द्या.