आरएक्स-८ घेताय? आधी कॉम्प्रेशन बघा
अहो, रंग नि अलॉय व्हील्स नंतर बघा. माझदाने आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार २०१२ साली बंद केली, म्हणजे मिळेल ती जुनीच. तिच्या १.३ लिटरच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत, गोल फिरणारे तिकोनी रोटर आहेत. त्यांच्या टोकांवरचे अपेक्स सील, म्हणजे दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल दाबलं जाण्याचा जोर, जातं आणि तापलेली गाडी चालूच होत नाही. म्हणून ट्रायल घेतलीत की गाडी बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारा. नुसताच घुर्रघुर्र करत राहिला तर किंमत न विचारता परत या. कॉम्प्रेशन टेस्ट रोटरीचं खास मीटर असणाऱ्याकडेच करा. ऑइल ती पिणारच, रचनाच तशी आहे. पेट्रोल भरताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघत जा. थंड इंजिन चालू करून लगेच बंद करू नका, स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात.