कौलांचा बंद कारखाना पाडावा की राखावा?

प्रश्न : आमच्या गावात अनेक वर्षे बंद असलेला कौलांचा जुना कारखाना आहे. तेथे सांस्कृतिक केंद्र व्हावे, असे भजनी मंडळाला आणि नाट्यमंडळाला वाटते. पण तो पाडून नवे सभागृह बांधावे, असा काहींचा आग्रह आहे. योग्य काय? – एक वाचक, डिचोली

उत्तर : इमारत तग धरण्याजोगी असेल, तर ती राखावी, असे आमचे ठाम मत आहे. ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या पोंपेया भागात पिंपे बनवणारा एक कारखाना बंद पडला होता. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी तो पाहायला गेल्या, तेव्हा मुले तेथे चेंडू खेळत होती आणि शेजारची कुटुंबे एकत्र जमत होती. हा वावर टिकवणे हेच आपले काम, असे मानून त्यांनी विटांच्या जुन्या शेड तशाच ठेवल्या आणि त्यांत वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलेच्या कार्यशाळा व भोजनालय यांची सोय केली. 1982 मध्ये केंद्र खुले झाले आणि 1986 मध्ये शेजारी खेळांसाठी काँक्रीटचे उंच मनोरे पूर्ण झाले. नवे बांधकाम तेथेही झाले, पण जुन्याच्या जागी नव्हे, त्याच्या बाजूला.

आपल्याकडेही आराखड्याआधी वापर पाहावा. जत्रेच्या नाटकाच्या तालमी, भजन, फुगडी आणि घुमट या मातीच्या तालवाद्याचे वादन यांना कोणती जागा रुचते, हे त्या मंडळींनाच ठरवू द्यावे. लांबलचक शेडमध्ये घुमटाचा नाद फार घुमतो आणि संवाद मात्र अस्पष्ट होतात, त्यामुळे तालमीची खोली वेगळी व आटोपशीर असलेली बरी. भट्टी आणि धुरांडे जपावे, कारण गावाच्या श्रमांची तीच उघड खूण आहे.

खर्चाचा पहिला मान छपराला द्यावा. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि कारखान्यांची बहुतेक हानी गळक्या कौलांपासून व कुजलेल्या वाशांपासून सुरू होते. चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, कारण ओल आत कोंडते. चुन्याचाच गिलावा करावा. संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेतल्यावर मालकी हक्काची कागदपत्रे पाहावीत आणि वापर बदलण्याच्या परवानगीसाठी पंचायत व नगर आणि ग्राम नियोजन खाते यांच्याशी बोलावे. खुर्च्या आणि दिवे त्यानंतर.