नाल्याच्या वरच्या अंगाला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

पापुआ न्यू गिनीतल्या सोन्याच्या शोधमोहिमेवर तू रुजू होतोयस, हे वाचून फार आनंद झाला. निघण्याआधी चार गोष्टी सांगतो.

त्या जंगलात खडक दिसत नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. उष्ण, ओल्या हवेत ज्वालामुखीचा खडक कुजून त्याची खोलवर लाल-पिवळी माती झालेली असते, वर झाडी आणि शेवाळ. उघडा खडक भेटतो तो बहुधा नाल्यात. त्यामुळे तुझं निम्मं काम पाण्यात उभं राहूनच व्हायचं आहे.

पॅन, म्हणजे गाळ पाण्यात हलवून सोनं वेगळं करायची पसरट थाळी, फिरवताना घाई करू नकोस. हलकी वाळू निघून गेली की तळाशी मॅग्नेटाइटची, म्हणजे लोहाच्या जड खनिजाची, काळी कोर उरते. तिच्या टोकाला सोन्याचा कण अडकलाय का ते पाहा, आणि सापडला की लगेच भिंग लाव. कण खडबडीत असेल, त्याला गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, तुकडा चिकटलेला असेल, तर उगम जवळ आहे. चपटा, गुळगुळीत कण बराच लांबून आलेला असतो. नाल्यातल्या धोंड्यांचंही तसंच. कडा धारदार दिसायला लागल्या की पावलं आवर, दोन्ही काठ नीट बघ. आणि प्रत्येक फाट्यावर दोन्ही शाखांचे नमुने घे. सोपी वाटणारी शाखा आधी धरायचा मोह सगळ्यांनाच होतो.

पण पॅन रिकामा निघाला म्हणून नाला सोडू नकोस. तिथल्याच लिहिर बेटावरचं बहुतेक सोनं पायराइटच्या, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या, आत इतकं बारीक दडलेलं आहे की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चाळलेल्या गाळाचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. त्यात सोन्याबरोबर आर्सेनिक, अँटिमनी, पारा हेही तपासून घे. सोन्यापेक्षा त्यांचा माग बऱ्याचदा अधिक लांबवर पसरलेला असतो.

लिहिर मुद्दाम अभ्यास. तिथला साठा १९८२ मध्ये हाती लागला, तोही ज्वालामुखीच्या कॅल्डेरात, म्हणजे माथा खचून झालेल्या मोठ्या खळग्यात, जिथे आजही जमिनीतून कढत पाणी आणि वाफ येते. ज्वालामुखीचा एक भाग कोसळला, वरचा भार एकदम उतरला आणि खालचं पाणी उकळलं. अशा पाण्यात सोनं गंधकाच्या संगतीने विरघळलेलं असतं. उकळताना गंधकाचा वायू वाफेबरोबर निसटतो आणि सोनं जागच्या जागी खाली बसतं. आता पाणी उकळल्याची ही खूण खडकात कशी ओळखायची? धोंडा फोडल्यावर गारेत पातळ पात्यांची एकमेकांना छेदणारी जाळी दिसली, तर तिथे कधीकाळी पाणी उकळलं होतं. मूळची पाती कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाची, नंतर त्यांची जागा गारेने घेतली. असा तुकडा हातात आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. सोनं असेलच असं नाही, पण तो तुकडा ज्या शिरेतून, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेल्या गारेच्या पट्ट्यातून, आला तिचा माग काढल्याशिवाय परत फिरू नकोस.

धीर धर. तिथल्याच डोंगराळ भागातल्या पोर्गेराच्या नदीत सोन्याचे कण १९३८ च्या सरकारी गस्तीत सापडले, मोठी खाण सुरू झाली १९९० मध्ये.

ड्रिलिंग सुरू झालं की कोअर, म्हणजे भोकातून निघालेला खडकाचा दंडगोल, उभा चिरायचा. अर्धा तपासणीला, अर्धा पेटीत. याबाबतीत कुणाचंही ऐकू नकोस. इंडोनेशियातल्या बुसांगला ब्रे-एक्स कंपनीने सगळा कोअर दळून टाकला, फेरतपासणीला काही उरलंच नाही. नमुन्यांत बाहेरून मिसळलेले कण नदीतल्या सोन्यासारखे गोलसर होते. १९९७ मध्ये तो प्रचंड साठा खोटा ठरला आणि लोकांचे पैसे बुडाले. प्रयोगशाळेची पारख व्हावी म्हणून तुझ्या पिशव्यांत कोरे नमुने (सोनं नसलेले), प्रमाणित नमुने (सोन्याचं प्रमाण आधीच ठाऊक असलेले) आणि जोडनमुने (एकाच जागचे दोन) ठरलेल्या अंतराने घाल. पावसात बोटं आखडली असली तरी पिशवीवरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक तिथेच, उभ्या जागी, जुळवून बघ. संध्याकाळी कॅम्पवर आठवून काहीही लिहायचं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. तिथली बहुतेक जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. परवाना सरकार देतं, पण नाला कुणाचा हे गावातल्या माणसांनाच ठाऊक असतं. तिथल्याच बूगनव्हिल बेटावरची पंगुना खाण १९८९ मध्ये बंद पडली ती तांबं-सोनं संपलं म्हणून नव्हे. नासलेल्या नद्या आणि मोबदल्यातला अन्याय यांनी लोक पेटून उठले होते, आणि पुढे कित्येक वर्षं रक्त सांडलं. तेव्हा पहिला नमुना घेण्याआधी त्या कुळातल्या वडीलधाऱ्यांसमोर बैस. काय नेणार, कुठे खणणार, खड्डा कधी बुजवणार, सगळं सांग. जिथे जायचं नाही असं ते म्हणतील, ती जागा नकाशावर खूण करून सोडून दे. निकाल आले की चांगले असोत वा वाईट, त्याच माणसांकडे परत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग. साठ्याबद्दल मात्र खात्री नसताना एक शब्दही वाढवून बोलू नकोस. त्या आशेवर लोक घरं बांधायला काढतात.