वजन कमी करायचंय, रात्रीच्या जेवणात हलकं काय खावं?

तुम्ही लिहिलंय की वय एकेचाळीस, दोन वर्षांत नऊ किलो वाढलं. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर फक्त एक पोळी आणि भाजी खाता, तरी काटा खाली येत नाही, म्हणून हलके पदार्थ सुचवा. 'सगळ्यांची जेवणं झाल्यावर' एवढं वाचलं आणि लिहायला बसले. पदार्थ सांगते, पण आधी हे ऐका.

मी डोंबिवलीची, माहेर सोलापूर. नवऱ्याची नोकरी मुंबईत, लोकलमधून उतरून घरी यायला सव्वानऊ. मग हातपाय धुणं, बातम्या, आणि पानं घ्यायची दहाला. आधी नवरा आणि मुलं, मग सासूबाई, मग मी. तू शेवटी जेव असं मला कोणी कधी सांगितलं नाही. पण प्रत्येकाच्या पानात तव्यावरची गरम पोळी पडायची तर कोणीतरी ओट्याशी उभं राहायलाच हवं, आणि ती मी. माझ्या पानात खरंच एक पोळी आणि वाटीभर भाजी असायची. तरी २०१९ मध्ये माझं वजन ७१ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच, आणि तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

तेव्हा घरोघरी दीक्षित की दिवेकर हा वाद चालला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते दोनदाच जेवा, कडाडून भूक लागली की, आणि ५५ मिनिटांत संपवा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या थोडं थोडं दर दोन तासांनी खा, घरचं खा, भात आणि तूप सोडू नका. आमच्याकडे नवरा दीक्षितांच्या बाजूचा, माझी बहीण दिवेकरांच्या. माझ्या वजनावर दोघांचंही बोलून व्हायचं. मी दोन्ही करून पाहिलं. दीक्षित-दिवेकरांना दोष देणार नाही, कारण मी जे करत होते ते दोघांपैकी कोणीच सांगितलेलं नव्हतं. मधे एकीने तक्ता लिहून दिला, रात्री ओट्स आणि सूप. तीन आठवडे प्यायले. साडेअकराला डोळे टक्क उघडे, आणि मग अंधारात शेवेचा डबा.

शेवटी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला लागले. जे तोंडात जाईल ते सगळं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझं जेवण पावणेअकराला संपत नव्हतं, तिथून ते सुरू होत होतं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी. कढईच्या कडेला राहिलेली बटाट्याची भाजी, कारण तेवढ्यासाठी डबा कुठे काढायचा. पातेल्याच्या तळाचा भात, वरणाच्या वाटीत कालवून. हे सगळं उभ्याने, भांडी घासायला टाकता टाकता. एका रात्री ते तोंडात न टाकता एका वाडग्यात जमवलं आणि दिवाळीच्या फराळासाठी घेतलेल्या काट्यावर ठेवलं. २१० ग्रॅम. माझ्या हिशेबाने तीनशेच्या आसपास कॅलरी. वाडग्याकडे बघत मी बराच वेळ उभी होते. बरं, मी काही चोरून खात नव्हते. अन्न टाकायचं नाही हे लहानपणापासून शिकले होते आणि ते मला आजही पटतं. पण घरात उरलेलं प्रत्येक अन्न एकाच बाईच्या पोटात का जावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात सांगितलं की मी साडेसातला जेवणार. पोळ्या सातला करून डब्यात ठेवीन, ज्याला गरम हवी त्याने तवा लावावा. ज्याचं ताट त्याने संपवायचं, नसेल संपत तर कमी घ्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "दमूनभागून येणाऱ्या माणसाच्या आधी अन्न उष्टं करायचं?" आणि चार दिवस बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "घराची खानावळ केलीस."

त्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देते. खानावळीत वाढणारा शेवटी जेवतो. आमच्या घराची खानावळ आधीपासूनच होती. मी आता दहाला त्याच्यासमोर ताकाचा पेला घेऊन बसते, आणि पूर्वी पोळ्यांच्या धांदलीत जे बोलणं कधीच व्हायचं नाही ते आता होतं. शिवाय २०२० च्या लॉकडाउनमध्ये तोही घरीच होता, सगळे पावणेआठला जेवायचो, आणि चार महिन्यांत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. लोकल सुरू झाली तसं परत दहा वाजायला लागले. हे मी त्याला दाखवून दिलं तर तो म्हणाला, तेव्हा टेन्शन नव्हतं म्हणून. असो.

सासूबाईंना माझं वागणं कधीच पटलं नाही. पण शेवटच्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांनी रात्रीचं जेवण आठच्या आत सांगितलं, म्हणून त्या माझ्याबरोबर बसायला लागल्या. पहिल्या दिवशी मी तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या पानात टाकली. त्यांनी ती मोडली, वाफ आली, आणि त्या हात तसाच धरून बसल्या. म्हणाल्या, "एवढी गरम खायची सवय नाही गं मला." सत्तेचाळीस वर्षं त्या घरात त्यांनीच भाकऱ्या थापल्या होत्या.

आता तुमचा प्रश्न.

भाकरी बंद करू नका. तिच्यावर उगाच आळ आहे. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण १७५ कॅलरी, आणि ती तेलाशिवाय होते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तरी जवळपास तेवढंच होतं, आणि भाजीत पडलेला तेलाचा एक मोठा चमचा सव्वाशेच्या घरात जातो. मी सोलापूरची, शेंगाचटणीशिवाय माझी भाकरी पुढे सरकत नाही, पण ती आता लहान चमच्याने एकदा घेते, डबा पानाशेजारी ठेवत नाही.

रात्री माझ्याकडे एक भाकरी आणि काहीतरी पातळ कोरड्यास असतं. ताकातला चाकवत, मुगाची डाळ घालून मेथी, दुधीची आमटी, कमी तेलातलं सैलसर पिठलं. पातळ असलं की पोट भरतं आणि तेल कमी लागतं. आठवड्यातून दोनदा ज्वारीच्या कण्या: रात्रभर भिजवायच्या, मऊ शिजवायच्या, वर ताक, मीठ, जिरेपूड. हुलग्याचं माडगं तुमच्याकडे करतात का माहीत नाही. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याबरोबर उकळायचं, थंडीत याच्यासारखं काही नाही. खिचडी करायची तर प्रमाण उलटं करा, एक वाटी तांदळाला दोन वाट्या मूगडाळ, आणि पापड-लोणच्याऐवजी कढी. मुगाचं धिरडंही चालेल, पण एक चमचा तेलात दोन निघाली पाहिजेत. मोड आलेल्या मटकीची उसळ मला रात्री जड जाते, ती दुपारी. साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून खात असाल तर आजच थांबवा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि वर दाण्याचं कूट आणि तूप. नुसती फळं किंवा नुसती काकडी खाऊन झोपायचा प्रयत्न करू नका, साडेअकरा वाजणारच आहेत.

हे सगळ्यांसाठी एकच करता येतं. मुलांना वर तूप घाला, नवऱ्याला दोन भाकऱ्या द्या. तुमच्यासाठी वेगळं शिजवायची गरज नाही, आणि वेगळं शिजवायला लागलात की महिन्याभरात सोडून द्याल. पातेली लहान घ्या. भात उरलाच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणीचा भात करून सगळ्यांना वाढा, एकटीने संपवू नका.

माझं वजन चौदा महिन्यांत ७१ वरून ६३ वर आलं. आता ६५ आहे, दोन किलो परत चढलेत, ते उतरत नाहीत. एचबीएवनसी ५.६. हे सगळं जेवणाच्या वेळेनेच झालं असं म्हणणार नाही, सकाळी चाळीस मिनिटं चालते आणि चहातली साखर गेली.

आणखी एक. थायरॉईड तपासून घ्या, दोन वर्षांत नऊ किलो ही वाढ नुसत्या उरल्यासुरल्याची नसेलही. बाळ अंगावर पीत असेल तर जेवण कमी करू नका. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर माझं वाचून परस्पर वेळ बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडे गेलात की हलकं काय खाऊ एवढंच विचारून परत येऊ नका. मी साडेसातला जेवले तर गोळी कधी घ्यायची, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.