बी पुन्हा पेरता आलं पाहिजे

प्रिय बेटा,

मेळघाटच्या कुटकीवर, त्या बारीक भरडधान्यावर, काम करायचंय, पण जैवतंत्रज्ञान हाती घेतलं तर शाश्वत शेतीशी बेइमानी होईल का, असं तू विचारलंस. नागपूरच्या महाराजबागेत बसून तंत्र शुद्ध की अशुद्ध हा वाद किती दिवस घालणार? कोरकू बाईने राखलेलं बी पुढच्या पावसाळ्यात पेरलं तर तेच गुण येतील का, एवढंच बघ.

अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचा 'विवेक क्यूपीएम 9' मका 2008 मध्ये आला. मार्करच्या, म्हणजे डीएनएवरच्या खुणेच्या, मदतीने प्रथिनाचा कस वाढवणारं ओपेक-2 जनुक जुन्या संकरित वाणाच्या आईबापांत उतरवलं. प्रथिनातले ट्रिप्टोफॅन आणि लायसिन हे गरजेचे घटक सुमारे 41 आणि 30 टक्के वाढले. फार मोलाचं काम. पण तो संकरित वाण आहे, बी दरवर्षी विकत घ्यायचं. पावसात रस्ता तुटला की चिखलदऱ्याच्या वरच्या ढाण्यावर, कोरकूंच्या वस्तीवर, कोणतं कृषी केंद्र पोचणार? राखलेलं बी पेरायचा, वाटायचा हक्क पीक वाण आणि शेतकरी हक्कांच्या 2001 च्या कायद्याने दिलाय. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत गुणच विखुरतात, तिथे तो हक्क काय कामाचा? 2002 मध्ये बीटी कापूस आला तोही संकरांतून, आणि विदर्भात दर जूनला पाकिटासाठी काय धावपळ होते ते तू पाहतच मोठं झालास.

कुटकी स्वपरागित आहे, आपल्याच परागाने फळते. वाण एकदा स्थिर झाला की बी घरचंच. अडचण फुलात आहे: ते इतकं बारीक की दोन वाणांचा संकर करायला पुंकेसर काढता काढता हात टेकावे लागतात. म्हणून बहुतेक वाण स्थानिक बियाण्यातून निवड करूनच निघाले. तुझी प्रयोगशाळा इथे हवी. संकर साधला की फूल आपलं आपणच फळलं, हे मार्कर रोपातच सांगतो. पीक लोळतं, दाणा झडतो, त्यामागची जनुकं शोध. जनुक-संपादनालाही माझी ना नाही. परकं जनुक न घालता केलेल्या संपादनाला 2022 मध्ये जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांच्या, नियमांतून सूट मिळाली, आणि 2025 मध्ये जाहीर झालेले 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस 1' हे दोन्ही भात सरळ वाण आहेत, बी राखून पुन्हा पेरता येणारे. म्हणजे जमतं! मग संकरित वाणाचा हट्ट कशाला?

मला हेकट म्हणतात, म्हणू देत. संकरित वाण करा, कंपनी पैसे लावेल, असं मला सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं आणि निधी दुसरीकडे वळला. आजही नाहीच म्हणेन. सलतं ते वेगळंच. निवडलेलं कोदोचं, कुटकीसारख्याच भरडधान्याचं, बी शीतपेटीत पडून राहिलं, ढाण्यापर्यंत न्यायला माणूसच उरला नव्हता.

आराखडा पाठव. पहिल्या पानावर जनुकाचं नाव नको. वाण तयार झाल्यावर बी कोणत्या गावात, कोणाच्या कणगीत राहील, ते लिही. त्यासाठी आधी तिकडे जाऊन ये. कुटकी पेरायच्या आत.

तुझे सर
नागपूर