‘मॅडम, चारचौघांत बोलायला तेवढं सांगू नका’

चिपळूणला समुपदेशन करते, तेव्हा खेड-गुहागरपासून पार देवरूखपर्यंतची माणसं येतात. तक्रारी नाना तऱ्हेच्या असतात, पण एक फिरून फिरून कानावर येते. ‘मला येतं सगळं, पण चारचौघांत उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही.’ बी.एड. झालेली मुलगी मुलाखतीला जायचं टाळते. पतसंस्थेतला हुशार माणूस वार्षिक सभेच्या दिवशी नेमका आजारी पडतो. बचत गटाचे हिशोब तोंडपाठ असलेली बाई बँकेच्या साहेबांसमोर मान खाली घालून बसते. आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : ‘एखादा वक्तृत्वाचा क्लास सांगा ना.’

क्लास मी सहसा सांगत नाही. सरावाचा क्लब सांगते, जिथे आठवड्या-पंधरवड्याने तीच माणसं जमतात आणि आळीपाळीने बोलतात. त्यामागचं कारण एका तरुणाच्या गोष्टीतून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आयटीआय करून लागलेला, हाताला पक्का. रिअ‍ॅक्टरचा नुसता आवाज ऐकून काय बिनसलंय ते सांगणारा, असं त्याची बायकोच म्हणाली. कंपनीने त्याला शिफ्ट इन्चार्ज केलं. पगार वाढला, पण त्याबरोबर एक काम गळ्यात पडलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्या माणसांना गोळा करून सुरक्षेबद्दल पाच-दहा मिनिटं बोलायचं. कारखान्यात याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. पहिल्या दिवशी त्याने छापील कागद हातात घेतला, दोन ओळी वाचल्या, आणि घशाला कोरड पडली म्हणून कागद शेजारच्याला दिला. मग रोज कुणालातरी तो कागद द्यायला लागला. माझ्याकडे आला तेव्हा खिशात बढती नाकारत असल्याचं पत्र होतं. फक्त तारीख टाकायची बाकी होती.

‘बोलायला उभं राहिलात तर काय होईल?’ मी विचारलं.

‘अडखळेन.’

‘मग?’

‘हसतील. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला तेच हसतील.’

‘हसले. पुढे?’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मग मी त्या जागेच्या लायकीचा नाही असं होतं ना मॅडम.’

गाठ इथे होती. अडखळणं ही क्षणभराची गोष्ट, पण त्याने त्यावर स्वतःची सगळी किंमत लावून ठेवली होती. माझी बैठक अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर ती अधिकच घट्ट झाली आहे. 1913 साली जन्मलेल्या या मानसशास्त्रज्ञाला तरुणपणी सभेत बोलायची भयंकर धास्ती होती. त्यांनी ती कशी घालवली? जबरदस्तीने सभांमध्ये बोलत राहून. 1955 पासून त्यांनी जी उपचारपद्धती मांडली तिच्या मुळाशी हा अनुभवही आहे. त्रास प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनात काय ठरवून ठेवतो त्याने जास्त होतो, आणि मनातलं ते ठरवणं नुसत्या चर्चेने हलत नाही. त्याच्या विरुद्ध वागून बघावं लागतं. माझ्या खोलीत माणूस विचार तपासू शकतो, पण वागून बघायला त्याला माणसं लागतात. त्यासाठी क्लब.

हे लगेच पटलं नाही त्याला. मी त्याला पुराबद्दल विचारलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तो बाजारपेठेच्या बाजूला राहत होता. त्या पहाटे काय केलंत, असं विचारल्यावर तो भडाभडा बोलायला लागला. जिन्यात उभा राहून ओरडत होतो, तळमजल्याची तिन्ही घरं वर घेतली, सिलिंडर बंद करून या म्हणून सांगितलं, आजींना आधी घ्या, सामान राहू दे.

‘किती माणसं होती समोर?’

‘असतील वीस-पंचवीस.’

‘अडखळलात?’

‘ते काय भाषण होतं का मॅडम?’ तो जवळजवळ चिडलाच. मी तिथेच थांबले. काही प्रश्न माणसाबरोबर घरी जाऊ द्यावेत, त्यांची उत्तरं काढून घ्यायची घाई करू नये.

तो क्लबात जायला तयार झाला, पण एका अटीवर : फक्त बसणार, बोलणार नाही. मला अट मंजूर होती. आमच्याकडचा क्लब मराठीत चालतो, एका शाळेच्या वर्गात भरतो आणि त्याने रीत घेतली आहे ती टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या जागतिक संस्थेची. राल्फ स्मेडली यांनी 22 ऑक्टोबर 1924 ला कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे, वायएमसीएच्या तळघरात असा पहिला क्लब सुरू केला. त्या रीतीतला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. तिथे कुणी गुरुजी नसतो. तयारी करून केलेलं भाषण सहसा पाच ते सात मिनिटांचं, नवख्याचं पहिलं चार ते सहा मिनिटांचं. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं. आणि प्रत्येक भाषणावर दुसरा सभासद उभा राहून दोन-तीन मिनिटं बोलतो : काय भिडलं, काय सुधारता येईल. शिवाय एक जण वेळ मोजतो आणि कार्ड दाखवतो : हिरवं म्हणजे किमान वेळ भरली, पिवळं म्हणजे आवरायला घ्या, लाल म्हणजे वेळ संपली. एक जण ‘म्हणजे’, ‘अं’ किती वेळा आलं ते टिपतो. एक जण भाषेकडे लक्ष ठेवतो. प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम असतंच.

दोन-तीन बैठका तो दाराजवळच्या बाकावर बसला. मग वेळ मोजायचं काम त्याच्याकडे आलं. ‘नुसती कार्डं दाखवायची ना,’ म्हणून त्याने घेतलं. पण वेळ मोजणाऱ्याला सुरुवातीला आपलं काम काय ते सभेला समजावून सांगावं लागतं आणि शेवटी कुणी किती वेळ घेतला तेही सांगावं लागतं. ते त्याने सांगितलं. वीसेक माणसांसमोर, उभं राहून. हे भाषण आहे असं त्याच्या मनाने धरलं नव्हतं, म्हणून जमलं.

पहिलं भाषण मात्र पडलं. हिरवं कार्ड दिसायच्या आतच खाली बसला. पुढच्या भेटीत तोंड पाडून आला. मी विचारलं, ‘लोक उठून गेले?’ नाही. ‘कुणी हसलं?’ नाही. एकाने पाणी आणून दिलं. ‘आणि लायकीचं काय झालं?’ त्यावर तो ओशाळून हसला. ‘दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो, प्लांट चालवला.’ एवढं पुरे होतं. ज्या गोष्टीला तो वर्षानुवर्षं भीत होता ती घडली होती, आणि तो जागच्या जागी होता.

खरं वळण पुढे आलं. मी त्याची वाट बघत होते, पण ते कुठल्या वाटेने येईल याचा अंदाज मलाही नव्हता. क्लबात एका सभासदाने वाशिष्ठीच्या गाळावर भाषण केलं आणि त्यावर अभिप्राय द्यायचं काम या पठ्ठ्याकडे आलं. काय बोलला ते मी त्याच्याकडून शब्दन् शब्द काढून घेतलं, कारण मला ते जपून ठेवायचं होतं. तो म्हणाला होता : ‘तुम्ही गाळाचे आकडे सांगत होतात तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं मोबाइल बघत होते. मग तुमच्या अंगणात गाळ कुठवर साचला होता ते दाखवायला तुम्ही गुडघ्याला हात लावलात. तेव्हा दोघांनीही मान वर केली. तुम्ही तिथे अजून थांबायला हवं होतं.’

‘किती वेळ बोललात?’

‘लाल कार्ड दाखवलं तेव्हा कळलं.’

‘हात कापत होते?’

तो उत्तर द्यायला गेला आणि थबकला. ‘ते बघायचंच राहिलं.’

मग खुर्चीत पुढे सरकून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘मॅडम, त्या पुराच्या दिवशीपण बघायचं राहिलं होतं.’

समुपदेशकाला असे क्षण फार मिळत नाहीत. मी ते वाक्य त्याला सांगू शकले असते, पहिल्याच भेटीत. पण मग ते माझं झालं असतं. त्याच्या भीतीत त्याचं सगळं लक्ष स्वतःकडे वळायचं : हात, आवाज, घसा, समोरचे काय म्हणतील. दुसऱ्याचं भाषण नीट ऐकायचं काम हातात आल्याबरोबर तेच लक्ष बाहेर गेलं आणि आवाज आपोआप मोकळा झाला. ज्या नजरेने तो प्लांटवर काटे वाचायचा, त्याच नजरेने त्याने सभा वाचली. क्लबात नेतृत्व घडतं ते मला तरी इथे दिसतं. माइकवर टाळ्या घेणाऱ्यापेक्षा, मागच्या बाकावरची मान कधी वर झाली हे ज्याला दिसतं त्याच्यामागे माणसं जातात.

पुढचं झपाट्याने झालं. त्याने छापील कागद बाजूला ठेवला. एका सकाळी अर्थिंगची क्लिप हातात घेऊनच शिफ्टसमोर उभा राहिला. ड्रममधून सॉल्व्हंट ओतताना ही क्लिप लावायची असते, नाहीतर घर्षणाने साचलेल्या विजेची ठिणगी पडून आग लागू शकते. हे सगळ्यांनाच पाठ होतं. त्याने विचारलं, ‘क्लिप रंगावर लावली तर?’ कुणी बोलेना. मग त्याने ड्रमच्या कडेचा रंग कानशीने खरवडून उघडा पत्रा दाखवला आणि सांगितलं, ‘इथे लावा. रंगावर लावलेली क्लिप दिसते लावल्यासारखी, पण उपयोगाची नाही.’ तेवढंच. दुपारी एका जुन्या ऑपरेटरने आपणहून येऊन दुसऱ्या ड्रमबद्दल विचारलं. पत्राचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं : पँट धुवायला टाकली तेव्हा खिशातच विरघळलं.

आता तुमच्यापैकी ज्यांना हीच धास्ती आहे, त्यांना थोडं सविस्तर सांगते. भीती पूर्ण गेल्यावर बोलू, असं ठरवलंत तर कधीच बोलणार नाही. भीती असताना बोलायचं, ती मागून हळूहळू कमी होते. दुसरं, तुमची धडधड तुम्हाला जेवढी ऐकू येते तेवढी समोरच्यांना दिसत नाही. 2003 साली केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी हे तपासून दाखवलं. वक्त्यांना वाटत होतं त्यापेक्षा त्यांची घालमेल श्रोत्यांना बरीच कमी जाणवली. आणि ज्यांना ही गोष्ट भाषणाआधीच समजावून सांगितली होती त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली. म्हणून सुरुवातीलाच ‘मी खूप घाबरलोय, सांभाळून घ्या’ असं म्हणू नका. जे कुणाला दिसत नाही ते बोट दाखवून कशाला दाखवायचं?

भाषण पाठ करू नका. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधले मुद्दे चिठ्ठीवर. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते. क्लबात गेल्यावर पहिले काही आठवडे छोटी कामं मागून घ्या, आणि अभिप्राय द्यायची संधी आली की अजिबात सोडू नका. ‘छान झालं’ एवढ्यावर भागवू नका, नेमकं कुठलं वाक्य, कुठला हावभाव ते सांगा.

भाषेबद्दलही सांगते, कारण आपल्या भागात ही लाज खोल आहे. ‘आमची बोली गावठी, शुद्ध येत नाही’ असं सांगणारी माणसं मी रोज बघते. ज्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालणारा कागदाशिवाय अख्ख्या गावाचं मागणं मांडतो आणि गाव एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणतं, जिथे ‘नमन’ या कोकणी लोकनाट्यात रात्र रात्र संवाद रंगतात, तिथल्या माणसाने आपल्या बोलीला कमी लेखावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुरुवात बोलीतच करा. प्रमाण भाषा लागेल तिथे ती मागाहून येते.

‘ऐन वेळी घ्यायची गोळी असते ना?’ असंही विचारतात. ठोके कमी करणारी औषधं असतात, पण दमेकऱ्याला ती धोक्याची ठरू शकतात. मित्राची गोळी घेऊ नका, डॉक्टरांशी बोला. आणि भीती नुसत्या भाषणापुरती नसेल, माणसांत जाणंच बंद झालं असेल, झोप-भूक गेली असेल, श्वास कोंडून जीव घाबराघुबरा होत असेल, तर क्लब ही पहिली पायरी नव्हे. आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा.

‘आमच्या गावात क्लब कुठला?’ याचं उत्तर सोपं आहे. पाच-सहा माणसं पुरतात. शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप, भिंतीवरचं घड्याळ, तीन रंगांचे कागद. ठरलेला वार मोडायचा नाही. दोघांनी बोलायचं, दोघांनी त्यांच्यावर अभिप्राय द्यायचा, एकाने वेळ बघायची, उरलेल्याने सभा चालवायची, आणि पुढच्या वेळी कामं बदलायची. लाल कागद वर झाला की गावचा सरपंच बोलत असला तरी त्याने वाक्य पुरं करून खाली बसायचं.