वाचक विचारतात : खिसा सांभाळून कोकण किनारा

प्रश्न : आम्ही पुण्याचे चौघे. नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. गाडी नाही. दोन रात्री समुद्रकाठी राहायचं आहे. दिवेआगर, मुरूड की गुहागर, स्वस्त काय पडेल?

उत्तर : घरगुती खोल्यांच्या दरांत या तिन्ही गावांमध्ये फार तफावत नाही. खर्च ठरतो तो वारावर आणि शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरवर. शनिवारी जी खोली घासाघीस करूनही कमी होत नाही, तीच मंगळवारी मालक आपणहून उतरवून देतात. नाताळ ते १ जानेवारी, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना वगळा. गणपतीत आणि शिमग्यात तर घरचीच मंडळी कामात असतात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाहुणे घेतच नाहीत.

एसटीचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. महिलांना राज्यात अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे वडिलांचं पूर्ण आणि बाकी तिघांची अर्धी, चौघांत अडीच तिकिटं. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील तर त्यांचा प्रवास मोफत. मात्र वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं.

पैसे फुटतात ते तालुक्याच्या स्टँडवर. गावात जाणारी दुपारची गाडी चुकली की रिक्षावाला म्हणेल तो आकडा. म्हणून पुण्याहून पहाटेचीच गाडी धरा. परतताना मुक्कामाच्या गाडीचा विचार करा. रात्री गावात वस्तीला राहिलेली ही एसटी सकाळी लवकर सुटते आणि पुढची लांबची गाडी आरामात मिळते. तिची वेळ घरमालकाला विचारा, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका.

खोली ठरवताना फोनवर एवढं विचाराच : दर खोलीचा की माणशी, जादा गादीचे किती, गरम पाणी बादलीचं की गिझरचं, आणि किनारा पायी किती मिनिटांवर. चौघांना एक खोली आणि दोन गाद्या पुरतात. आणखी एक, मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं दापोली तालुक्यातलं. आगाऊ पैसे भरण्याआधी तालुका विचारून घ्या.

प्रश्न : मुंबईहून एका दिवसात अलिबाग करायचं आहे. कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात, पण मागच्या वेळी पाणीच पाणी होतं. दिवस कसा निवडावा?

उत्तर : कालनिर्णय काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते. पक्ष शुक्ल असो की कृष्ण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास मागे-पुढे, नऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, त्यामुळे दुपारी पोचणाऱ्याला होडीच करावी लागते.

मग अष्टमी बरी, असं वाटेल. सहाला भरती, बाराला ओहोटी. इथेच गफलत होते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि ऐन ओहोटीतही वाटेत पाणी राहतं. सकाळी निघणाऱ्याला पंचमी-षष्ठी सोयीची. ओहोटी पावणेदहा ते साडेदहाच्या दरम्यान. दुपारी जायचं तर त्रयोदशी. पावणेचारच्या सुमारास पाणी चांगलं लांब गेलेलं असतं. ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पाणी वळल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागा. वाट खडकाळ आहे, कालवांच्या कडा पाय कापतात. पट्ट्याच्या चपला घाला, अंगठ्याच्या नकोत. वाऱ्यापावसाने वेळ थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा पाण्यात पाय टाकण्याआधी घोडागाडीवाल्यांना विचारा.

जाण्याचं म्हणाल तर गेटवे ते मांडवा बोटीच्या तिकिटात पुढची अलिबागची बस धरलेली असते. ते तिकीट फेकू नका, बसमध्ये लागतं. त्याहून स्वस्त म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी किंवा सहाआसनी. वेळ जास्त जातो आणि किल्ल्याची ओहोटी गाठायची असेल तर हा पर्याय तंगवतो. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, तेव्हा पनवेलमार्गे एसटी.

प्रश्न : खाण्याचं बिल फुगतं. मासे खाऊन स्वस्तात कसं भागवावं?

उत्तर : सुरमई आणि पापलेट सोडा. बांगडा, मांदेली, ताजे बोंबील, तारली ही खरी रोजची मासळी, थाळी बरीच उतरते. ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला मासा मागवण्याआधी तुकडा पाहून दर ठरवा. सोलकढीची दुसरी वाटी थाळीत धरली आहे का, तेही. घरगुती जेवण सांगायचं तर दुपारचं सकाळीच आणि मोदक आदल्या दिवशी सांगावेत. मालकीणबाई मोजून बाजार करतात, ऐनवेळी सांगितलं की महाग पडतं किंवा नाही म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दिवसांत ताटातली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा शाकाहारी जेवा.

प्रश्न : मालवणला रेल्वेने जायचं आहे. कुठे उतरावं?

उत्तर : कुडाळला, पुढे एसटी. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. दादरहून तुतारी घेणार असाल तर ती रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं. दरवर्षी किती जण इथे फसतात! सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते. तारकर्लीत पाण्यातले खेळ आदल्या संध्याकाळी फोनवर ठरवण्यापेक्षा सकाळी किनाऱ्यावर दुसऱ्या कुटुंबाबरोबर होडी वाटून घ्या.

प्रश्न : गणपतीपुळ्याला हॉटेलं परवडत नाहीत.

उत्तर : देवस्थानचं भक्तनिवास आधी विचारा, आणि दुपारी देवळात खिचडीचा प्रसाद असतो. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, जाऊ नका. रत्नागिरी स्टेशनवर उतरून थेट रिक्षा करण्याऐवजी गावातल्या एसटी स्टँडवर या, तिथून गाड्या सुटतात. आरे-वारेच्या रस्त्याने जाणारी मिळाली तर डाव्या बाजूची खिडकी पकडा.